शेंगदाण्याची उसनी भीती आणि खरं वावडं



गेल्या वर्षी एक जोडपं अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आलं. तक्रार एकच, "डॉक्टर, पोरगी वाढतच नाही." वजन केलं तर नऊ किलोसुद्धा भरलं नाही. काय खाते म्हणून विचारलं, तर तांदळाची पेज, बटाटा, सफरचंद आणि साबुदाण्याची खीर, तीही पाण्यातली. दूध नाही, चपाती नाही, डाळ नाही, अंडं नाही.

"का बरं?" म्हटल्यावर आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. रक्ताच्या 'फूड ॲलर्जी पॅनेल'चा रिपोर्ट. दोन पानं भरून पदार्थांची नावं आणि त्यातल्या अकरा नावांसमोर लाल खुणा. मुलीला वरचेवर सर्दी व्हायची म्हणून ही तपासणी केली होती. मी एकेका पदार्थाबद्दल विचारत गेलो. दूध प्यायल्यावर कधी अंगावर काही उठलं होतं? नाही. चपाती खाल्ल्यावर उलटी? नाही. डाळीनंतर खोकला, सूज? नाही. हे सगळं ती आधी नीट खात होती, आणि रिपोर्ट आल्यापासून आठ महिने बंद होतं.

"आणि दाण्याचं कूट?"

"ते तर पहिल्यापासूनच दिलं नाही. मोबाईलवर वाचलं होतं, शेंगदाणा लहान मुलांना फार डेंजर असतो."

त्याच महिन्यात दुसरं एक कुटुंब भेटलं. मुलगा-सून अमेरिकेत, सुट्टीला गावी आलेले. पाच वर्षांच्या नातवाला शेंगदाण्याचं खरंखुरं, तपासून पक्कं झालेलं वावडं. सुनेनं आल्या दिवशीच सांगितलं होतं. पण आजींना ते पटलं नव्हतं. नातू खिचडी मागतोय म्हटल्यावर त्यांनी चमचाभर कूट घातलंच. दहा मिनिटांत पोराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, खोकला सुरू झाला. सुनेजवळ ॲड्रेनालिनचं पेन होतं, तिनं ते लगेच मांडीत टोचलं आणि पोराला घेऊन हॉस्पिटल गाठलं. मुलगा वाचला. दोन दिवसांनी आजी रक्तदाब तपासायला माझ्याकडे आल्या आणि रडायलाच लागल्या. "डॉक्टरसाहेब, आमच्या रानात पिढ्यान् पिढ्या भुईमूग. मी लहानपणापासून शेंगा खात आलो. मला वाटलं, सुनेचं उगंच काहीतरी फॅड हाय."

एका घरात नसलेल्या वावड्यापायी लेकरू अर्धपोटी. दुसऱ्या घरात असलेल्या वावड्यावर विश्वास नाही. मला आज जे सांगायचं आहे ते या दोन घरांच्या मधलं आहे. नसलेल्या ॲलर्जीला घाबरून मुलांचं ताट रिकामं करू नका, आणि असलेल्या ॲलर्जीला फॅड समजू नका.

वावडं म्हणजे नेमकं काय?

'वावडं' हा आपला जुना शब्द ॲलर्जीसाठी अगदी योग्य आहे. पण आपण तो फार सैल वापरतो. वांग्यानं घसा खाजतो, दह्यानं कफ होतो, हरभऱ्यानं गॅस होतो, या सगळ्याला आपण वावडं म्हणतो. वैद्यकीय भाषेत खरी अन्नाची ॲलर्जी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. त्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार होतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ पोटात गेला की हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर पडतात.

म्हणून खऱ्या ॲलर्जीची दोन ओळखचिन्हं लक्षात ठेवा. पहिलं, ती लवकर दिसते. बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. दुसरं, तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा त्रास होतो. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, खोकला, छातीत घरघर, आवाज बसणं, मूल पांढरं पडून गळून जाणं, ही तिची लक्षणं.

दूध प्यायल्यावर पोट फुगणं आणि जुलाब होणं हे पुष्कळदा दुधातली साखर न पचल्यामुळे असतं. तो त्रास आहे, पण ती ॲलर्जी नव्हे, आणि त्यानं जिवाला धोका होत नाही. गव्हामुळे होणारा सिलिअॅक आजार हाही वेगळा, त्याच्या तपासण्या वेगळ्या. वरचेवर होणारी साधी सर्दी बहुधा विषाणूंमुळे असते. एवढ्या एका लक्षणावरून अन्नाची ॲलर्जी शोधायला जाण्यात अर्थ नाही.

रिपोर्टमधली लाल खूण म्हणजे निदान नव्हे

आता त्या पॅनेलबद्दल. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरू आणि म्हैसूर इथं या विषयावर मोठं काम झालं आहे. तिथल्या प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक होते २६.५ टक्के. पण ज्यांना खाल्ल्यावर त्रासही होतो आणि रक्तही जुळतं, असे लोक निघाले फक्त १.२ टक्के. शाळकरी मुलांच्या पाहणीत तर अशी मुलं हजारात जेमतेम एक-दोन सापडली.

याचा अर्थ साधा आहे. रक्तात आयजीई असणं म्हणजे शरीरानं त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. ज्यांच्या रिपोर्टमध्ये लाल खूण येते, त्यांतले बहुतेक लोक तो पदार्थ रोज मजेत खात असतात. म्हणून तपासणी करायची ती लक्षणांवरून संशय आलेल्या एक-दोन पदार्थांची. पन्नास पदार्थांचं जाळं टाकून काय अडकतं ते बघायचं नसतं. आणि 'आयजीजी' मोजून 'इन्टॉलरन्स' सांगणाऱ्या तपासण्यांवर तर पैसे घालवूच नका. आयजीजी फक्त एवढंच दाखवतं की तुम्ही तो पदार्थ खाल्ला आहे.

ॲलर्जीचं निदान सुरू होतं ते आईच्या सांगण्यावरून. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय झालं. रिपोर्ट हा त्या कहाणीचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

त्या मुलीला मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ परत सुरू झाला. हे देखरेखीचं मुद्दाम सांगतो, कारण रक्तात आयजीई असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ बरेच महिने बंद ठेवला, तर पुन्हा देताना क्वचित खरी रिॲक्शन येऊ शकते. म्हणजे विनाकारण घातलेली बंदी कधी कधी ॲलर्जी ओढवूनही आणते. तेव्हा हा लेख वाचून घरच्या घरी सगळं एकदम सुरू करू नका. सहा महिन्यांत त्या मुलीचं वजन दोन किलोच्या वर वाढलं. आता ती चपातीबरोबर दाण्याची चटणी खाते.

मीही चुकीचा सल्ला दिला आहे

इथं एक कबुली द्यायला हवी. नवीन दवाखाना टाकला त्या काळात मीसुद्धा आयांना सांगत होतो, "घरात दमा, इसब असेल तर तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका." हे माझ्या मनचं नव्हतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये हाच सल्ला दिला होता आणि आम्ही तो वाचून पुढं सांगत होतो.

मग झालं काय? शेंगदाणा टाळूनही तिकडची ॲलर्जी कमी होईना. २००८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, तर इस्राएलमधल्या ज्यू मुलांमध्ये ०.१७ टक्के. वंश तोच, फरक दहापट. मोठा फरक होता तो खाण्यात. इस्राएलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरमुरीत 'बांबा' खातात, ब्रिटनमध्ये शेंगदाणा टाळला जात होता. त्याच वर्षी अमेरिकन संघटनेनं तीन वर्षं थांबण्याचा सल्ला मागं घेतला.

पुढं लंडनमध्ये प्राध्यापक गिडिअन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवर 'लीप' नावाची चाचणी केली. सगळी बाळं ४ ते ११ महिन्यांची, सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी, म्हणजे धोका जास्त असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षं टाळायला सांगितला. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के मुलांना. २०२४ मध्ये हीच मुलं वयात आल्यावरचे निष्कर्ष आले, तेव्हाही फायदा टिकून होता.

आम्ही जे टाळायला सांगत होतो, तेच वेळेवर द्यायला हवं होतं. विज्ञानाची चांगली बाजू ही की ते आपली चूक दुरुस्त करतं. वाईट एवढंच की जुना सल्ला मोबाईलवर फिरत राहतो.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडं कूट कशात नसतं? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत, खिचडीत, ठेच्यात. बाळ आईच्या मांडीवर बसून ताटातलं बोटानं चाटायचं, त्यात कूट आपोआप पोटात जायचं. तिकडच्या लोकांनी मोठी चाचणी करून जे शोधलं, त्याच्याजवळ जाणारी सवय आपल्या स्वयंपाकघरात आधीच होती. आणि नेमकी आत्ता, तिकडची जुनी भीती उसनी आणून आपण ती मोडतो आहोत.

मग बाळाला कूट कधी आणि कसं द्यायचं?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, बाळ मऊ वरण-भात, नाचणीची पेज खायला लागलं, की मग पुढचं असं करा:

- भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी पिठासारखं बारीक कूट करा. ते पेजेत, केळ्यात किंवा वरणात नीट कालवा. कोरडं कूट तोंडात घालू नका.
- पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर बसेल एवढंच. बाळ ठणठणीत असताना, सकाळी द्या. दोन तास लक्ष ठेवा.
- काही झालं नाही तर हळूहळू वाढवत एका वेळी दोन छोटे चमचे, आठवड्यातून तीनेक वेळा. एकदा सुरू केलं की मधेच महिनोन्‌महिने बंद करू नका.
- पूर्ण शिजवलेलं अंडंही याच काळात सुरू करा. शाकाहारी घरांत अर्थात आपापल्या रीतीनं.
- बाळाला तीव्र इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थानं आधीच रिॲक्शन आली असेल, तर शेंगदाणा सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उशीर करायचा म्हणून नव्हे, सुरक्षितपणे लवकर सुरू करता यावं म्हणून.

आणि एक ठळक सूचना. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका. चिक्कीचा कडक तुकडा, भडंगातले दाणे, फुटाणेसुद्धा नकोत. हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत गेला तर दुर्बीण घालून काढावा लागतो, आणि कधी तेवढा वेळही मिळत नाही. माझ्या तीस वर्षांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीपेक्षा घशात अडकलेल्या दाण्यानं घाबरंघुबरं झालेली पोरं मी जास्त पाहिली आहेत. कूट द्या, दाणा नको.

अंगाला डाळीचं पीठ?

संशोधकांचं आता असं मत आहे की अन्न तोंडानं पोटात गेलं तर शरीर त्याला आपलं म्हणायला शिकतं, पण तेच अन्न फाटलेल्या, इसब असलेल्या कातडीतून आत गेलं तर शरीर त्याला शत्रू मानू शकतं. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांच्या एका अभ्यासात शेंगदाणा तेल असलेली मलमं कातडीला लावणं आणि पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी होणं यांचा संबंध दिसला होता.

आपल्याकडं बाळाला डाळीचं पीठ आणि साय लावून अंघोळ घालतात. हरभरा हा आपल्या भागातला एक महत्त्वाचा ॲलर्जीकारक पदार्थ आहे, हे मुंबईच्या पाटील, निफाडकर आणि बापट या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. म्हणून माझं मत असं की बाळाची कातडी निरोगी असेल तर आजीच्या हौसेला मी आड येणार नाही. पण कातडी कोरडी, लाल, खाजरी असेल तर पीठ, साय, शेंगतेल सगळं बंद. साधं मॉइश्चरायझर लावा आणि इसबावर वेळेत उपचार घ्या. डाळ पोटात जाऊ दे, अंगावर नको.

खरं वावडं असेल तर

आता दुसऱ्या घराकडे येऊ. जगभर बहुतेक रिॲक्शन मोजक्याच पदार्थांनी येतात: दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोड, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे आणि तीळ. दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांत मोठेपणी जाते. शेंगदाण्याची मात्र पाचांतल्या साधारण एकाचीच जाते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर "म्हशीचं देऊ का, शेळीचं देऊ का" असं विचारतात. नको, त्यांची प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेकांना त्यानंही त्रास होतो.

निदान पक्कं झालं असेल तर घरातल्या प्रत्येकानं ते मानलं पाहिजे. आजी, आत्या, शेजारच्या काकू, अंगणवाडीच्या ताई, सगळ्यांना सांगा. "एक चमच्यानं काय होतंय" हे वाक्य घरात बोलायचं नाही.

- कूट कुठं लपलंय ते ओळखा. उपासाचे पदार्थ, चटण्या, लाडू, चिवडा, मिसळीचा फरसाण. पांढऱ्या रश्शात काजू, तीळ असतात.
- रिफाइन्ड शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी घाण्याचं शेंगतेल टाळावं.
- पाकिटावरची 'ॲलर्जन'ची ओळ वाचा. शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, सोया वगैरे असल्यास तसं छापणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाला ही सोय नाही, म्हणून ते नकोच.
- शाळेत डबा वाटून खाणं ही चांगली सवय आहे, ती मोडायला मी सांगणार नाही. पण या एका मुलाला "आईला विचारून खातो" एवढं वाक्य शिकवा, आणि बाईंना लिहून द्या.

अंगावर उठलं की आमसूल, पण श्वास लागला तर?

अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो. नुसती खाज असेल तर लावा, माझी हरकत नाही. पण गांधींबरोबर खोकला, घरघर, आवाज बसणं, वारंवार उलट्या, चक्कर किंवा मूल गळून जाणं यातलं काहीही असेल, तर ती ॲनाफिलॅक्सिस आहे. तेव्हा आमसूल नाही, लिंबूपाणी नाही, "थोडा वेळ बघू" नाही. मुलाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीनं थेट जवळच्या, चोवीस तास सुरू असलेल्या हॉस्पिटलात न्या. शहरात असाल तर सीपीआर आहेच. बरं वाटलं तरी काही तास तिथंच थांबा, कारण लक्षणं परत उलटू शकतात.

यावरचं पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. इथं मला माझ्या व्यवसायबंधूंशीही बोलायचं आहे. आपण अजूनही आधी ॲलर्जीचं इंजेक्शन आणि स्टिरॉइड देतो आणि ॲड्रेनालिनला शेवटपर्यंत हात लावत नाही, हृदयाला काही होईल म्हणून. खाज त्यानं थांबते, पण बंद होणारा घसा आणि कोसळणारा रक्तदाब थांबत नाही. ॲड्रेनालिनची लहानशी स्वस्त बाटली प्रत्येक दवाखान्याच्या ट्रेमध्ये हवी, आणि ती वापरायची तयारी हवी. ती मुदतबाह्य तर नाही ना, हे आजच बघा. मीही हे लिहिण्याआधी उठून बघून आलो.

आपल्याकडं ॲड्रेनालिनचं पेन गावोगावच्या औषध दुकानांत मिळत नाही, ही खरी उणीव आहे. अशा मुलांच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषध, सिरिंज, वजनानुसार प्रमाण आणि टोचण्याची पद्धत लिहून घ्यावी, आणि हातानं करून शिकावी. भीती वाटते, मान्य आहे. त्या सुनेलाही वाटली असेल.

आजी परवा पुन्हा आल्या होत्या. नातू परत गेलाय, पुढच्या मे महिन्यात येणार आहे. त्यांनी आत्तापासूनच ठरवलंय, तो असेपर्यंत घरात कूट करायचं नाही, खिचडीत खोबरं घालायचं. "आन् तुमचं ते इंजेक्शन मलाबी शिकवा, डॉक्टरसाहेब," म्हणाल्या. शिकवणार आहे.